बाळंतिणीचा चातुर्मास: सीमाभागातलं एक प्रकरण

हे प्रकरण बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका घराचं आहे. मी या भागात आशांबरोबर, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांबरोबर, बाळंतिणींच्या घरी जाते. घरच्यांना विचारून, त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाळाची वजनं आणि घटनांचा क्रम मात्र वहीत आहे तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघालं की बाचीपुढे कर्नाटक संपतं आणि शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो. सोयरिकींना ही हद्द कधीच आडवी आली नाही. या मुलीचं माहेर चंदगड तालुक्यातलं, सासर हद्दीच्या अलीकडचं. वय २३, पहिलंच बाळंतपण. नवरा उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर. घरात सासू-सासरे आणि नवऱ्याची आज्जी. दीड एकर रान. त्यात पावसाळ्यात भात आणि रताळी. गोठ्यात एक म्हैस.

घर माळकरी. सासरे दरवर्षी आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला जातात. एकादशी सगळ्यांची, संध्याकाळचा हरिपाठ चुकत नाही. काटकसर हा या घराचा स्वभाव आहे, कंजूषपणा मी म्हणणार नाही. सासऱ्यांची एक वही आहे. त्यात काडेपेटीपासून पेंडीच्या पोत्यापर्यंत सगळं लिहिलेलं असतं. घरावर एक रुपयाचं कर्ज नाही, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे.

रीतीप्रमाणे बाळंतपण माहेरी झालं. वैशाखाच्या शेवटी मुलगी झाली, वजन २.९ किलो. सुरुवातीला थोडं उतरलं, चौदाव्या दिवशी पुन्हा २.९ वर आलं. माहेरी शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेपूची भाजी, सगळं रीतसर. आई रात्रंदिवस जवळ. दीड महिन्याची लस ४२व्या दिवशी तिथेच घेतली. त्या दिवशीचं वजन ३.७५ किलो, म्हणजे चार आठवड्यांत ८५० ग्रॅम. उत्तम. ४४व्या दिवशी ती बाळाला घेऊन सासरी आली आणि दोन दिवसांनी आषाढी एकादशी होती.

एक गोष्ट घरात कोणालाच माहीत नव्हती. आठव्या महिन्यात तिच्या पायांवर सूज आली होती, रक्तदाब वर-खाली होत होता. तेव्हा घाबरून तिने मनातल्या मनात विठोबाला बोललं होतं: सुखरूप सुटले तर येणारा चातुर्मास एकभुक्त राहीन. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत दिवसाला एकच जेवण.

अडचण

दहाव्या आठवड्याची लस सासरच्या गावात झाली. वजन ३.९५ किलो. चार आठवड्यांत फक्त २०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सात. या वयात दिवसाला २० ते ३० ग्रॅमची अपेक्षा असते.

हे आधी कोणाला का दिसलं नाही, याचं उत्तर अर्धं व्यवस्थेत आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाच्या घरी आशा सहा वेळा जाते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. हिच्या सहाही भेटी माहेरच्या आशाने केल्या, त्या महाराष्ट्राच्या वहीत नोंदल्या गेल्या. पुढची भेट सासरच्या आशाची, कर्नाटकाच्या वहीतली. मधल्या दीड महिन्यात ती कोणाच्याच यादीत नव्हती, आणि नेमक्या त्याच दीड महिन्यात तिचं घर बदललं, काम बदललं, जेवण बदललं.

उरलेलं उत्तर घरात होतं. आज्जी कौतुकाने सांगायच्या, “पोर लई शानी, रडतच न्हाई.” कमी दूध मिळणारं बाळ थकून गप्प पडतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आषाढाचा पाऊस लागलेला, लंगोट शेगडीवर वाळवावे लागत होते. त्यामुळे लंगोट कमी भिजतात याचं सगळ्यांना बरंच वाटत होतं. पहिला आठवडा सरल्यावर बाळाने दिवसाला निदान सहा वेळा चांगली शू करायला हवी. ही चार वेळा करत होती.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

आशाने मला वजन कळवलं तरी मला तिथे पोचायला पाच दिवस लागले. गेले तो दिवस श्रावणातल्या पहिल्या एकादशीचा. ती चुलीपुढे बसून रताळी उकडत होती. तोंड सुकलेलं, उठताना भिंतीचा आधार घ्यायची. रोज एकदाच जेवते हे आज्जींच्या तोंडून कळलं. घरच्यांना ते सुनेने हौसेने धरलेलं व्रत वाटत होतं.

मी सासूबाईंच्या देखत तिला म्हटलं, “उपासामुळे तुझं दूध आटलंय. आजपासून सगळे उपास बंद.”

यात माझ्या दोन चुका झाल्या. पहिली शास्त्राची. आईने एक वेळ कमी खाल्लं म्हणून दूध लगेच आटत नाही. शरीर आधी स्वतःला झिजवतं आणि बाळासाठी दूध करतं. दूध कमी होण्याचं मोठं कारण असतं बाळ कमी वेळा अंगावर लागणं, आणि तेच मी विचारलं नव्हतं. दुसरी चूक माणसांची. नवसाचं तिने मला अजून सांगितलं नव्हतं. मी तिच्या व्रताला सासूसमोर बाळाच्या वजनाचा दोषी ठरवलं, तेव्हा तिच्या मनात काय झालं असेल याचा विचार आला की आजही वाईट वाटतं. ती म्हणाली, “बरं अक्का.” उपास सोडला नाही. लपवून करू लागली.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी बरोबर झाली. बाळाला डॉक्टरांना दाखवूनच पुढचं बोलू, असा आग्रह मी धरला. वजन अडलेल्या बाळामागे जंतुसंसर्ग किंवा हृदयाचा दोषही असू शकतो, तो घरात बसून कळत नाही. दोन दिवसांनी नवरा रजा टाकून घेऊन गेला. तपासणीत आजार निघाला नाही. वजन ४.०२ भरलं. आईचं हिमोग्लोबिन मात्र ९.२ आलं.

तुरीचे दाणे

पुन्हा गेले ती या वेळी काही सांगायला नाही, बघायला. एक वाटी आणि मूठभर तूर मागितली. बाळाला अंगावर घेतलं की वाटीत एक दाणा टाकायचा, वरचं काही दिलं की एक शेंगदाणा. तीन दिवस. बाकी काही बदलायचं नाही.

तीन दिवसांचे तुरीचे दाणे निघाले ५, ६ आणि ५. शेंगदाणे रोज तीन.

मग दिवसाचं चित्र उलगडत गेलं. भाताच्या लावणीचे दिवस. मजुरीचा पैसा वाचावा म्हणून हे घर पैऱ्यावर चालतं: आज तुम्ही आमच्या रानात, उद्या आम्ही तुमच्या. सासूबाई पैरा फेडायला सकाळी सातला बाहेर पडत. स्वयंपाक, म्हैस, रानात भाकरी पोचवणं हे सुनेकडे. बाळ आज्जींजवळ. बाळ चुळबुळलं की आज्जी बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या वाटीने, दूध पाजत. रात्री सासूबाई मायेने म्हणत, “तू दमलीस, झोप,” आणि बाळाला आपल्या कुशीत घेऊन पुन्हा बोंडलं. एका जेवणावर दिवस काढलेली सून खरंच गाढ झोपायची. रात्रीचं पाजणं जवळजवळ बंद झालं होतं, आणि रात्री पाजल्याने तर पान्हा टिकतो. बाळ जितकं ओढेल तितकं उतरतं. ओढणंच कमी झालं.

म्हणजे उपास दोषी नव्हता असंही नाही. एकभुक्त राहण्याने थकवा, थकव्याने रात्रीची झोप, झोपेने चुकलेलं पाजणं, अशी ती साखळी होती. मी तिच्या एका टोकाला धरून ओढत बसले होते.

बोंडल्यात काय होतं, हे विचारताना मला धडकी भरली. शेजारणीने सांगितलं म्हणून नवऱ्याने औषधाच्या दुकानातून पावडरीचा डबा आणला होता, किंमत चारशेच्या वर. डब्यावर लिहिल्याप्रमाणे ३० मिलिलिटर पाण्याला एक चमचा पडायला हवा. आज्जी वाटीभर कोमट पाण्यात एक चमचा घालत. डबा महाग, तो पुरवायला हवा. दिवसातून तीनदा मापाने दिलं असतं तर दहा-अकरा दिवसांत संपला असता. इथे महिना होत आला तरी तळाशी पावडर होती. बाळाचं पोट पाण्याने भरत होतं, म्हणून ते आईजवळ आल्यावरही नीट ओढत नव्हतं. त्या घरात कोणाचंही मन वाईट नव्हतं. डबा पुरवणाऱ्या हाताने ६० वर्षं संसार पुरवला होता.

समोरचे मार्ग

चार मार्ग होते. एक, तिला महिनाभर माहेरी परत पाठवायचं. तिची आई तर न्यायलाच निघाली होती. “आमच्याकडं होती तवर पोर भरत होती,” असं फोनवर बोलून झालं होतं आणि दोन घरांत धग होती. बाळाचं वजन लवकर वाढलं असतं, पण सासरचं काहीच बदललं नसतं आणि परत आल्यावर पुन्हा तेच. दोन, पावडर मापात आणि पुरेशी द्यायची. त्यात दूध आणखी मागे हटलं असतं, आणि महिन्याला हजारोंचा खर्च या घराला झेपणारा नव्हता. तीन, डॉक्टरांकडून उपास सोडायला लावायचा. भीतीने तो सुटलाही असता. पण नवस मोडल्याची बोच घेऊन ती बाळाच्या प्रत्येक ताप-खोकल्याला स्वतःला दोष देत बसली असती.

चौथा मार्ग तिच्याच तोंडून आला. दाणे मोजून झाल्यावर आम्ही दोघीच होतो तेव्हा तिने नवसाचं सांगितलं आणि रडली. “मी बोललेय देवाला. फिरवू कशी?” मी विचारलं, हे कोणाला विचारता येईल? ती म्हणाली, दिंडीच्या वीणेकरी बुवांना.

हा या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण. मला क्षणभर भीती वाटली. बुवा म्हणाले की नवस पुरा कर, तर? तेव्हा माझ्या हातात काहीच उरलं नसतं. तरी विचारायचं ठरवलं, कारण तिचा प्रश्न आहाराचा नव्हताच. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

काय केलं

सासरे तिला घेऊन बुवांकडे गेले. मीही गेले, पण बोलले नाही. बुवांनी सगळं ऐकलं आणि सासऱ्यांनाच विचारलं, “ज्याला आपण माउली म्हणतो, तो लेकराच्या तोंडचं मागेल व्हय?” मग तिला म्हणाले, बाळंतीण, आजारी आणि म्हातारं माणूस यांना उपासाची सूट पूर्वीपासून आहे. नवस मोडू नको, बदलून घे. चातुर्मासात जितक्या वेळा लेकराला पाजशील तितक्या वेळा हरिपाठातला एक अभंग म्हण.

घरातल्या पोथीत २७ अभंग आहेत, तिला सगळे पाठ. दिवसाला नऊ वेळा पाजलं की तीन दिवसांत एक पाठ पुरा होतो. हा हिशेब तिनेच तिथल्या तिथे केला, आणि तुरीच्या वाटीची गरज संपली. तीन दिवसांच्या आत पाठ पुरा झाला तर उत्तम, चौथ्या दिवसावर गेला तर कुठेतरी पाजणं चुकलंय. मी कितीही समजावलं असतं तरी अशी सोय मला सुचली नसती.

पैशांचं बोलणं सासऱ्यांशी झालं, त्यांच्याच वहीवर. म्हैस दिवसाला सहा लिटर देत होती, अर्धा लिटर चहाला ठेवून बाकी डेअरीला. मी एवढंच दाखवलं की डबा, बेळगावच्या खेपा आणि नवऱ्याच्या बुडालेल्या दोन हजेऱ्या मिळून महिन्याचे किती झाले. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. त्या घरच्याच वस्तूंनी भागतात: एक जादा भाकरी, मूठभर शेंगा आणि गूळ, वाटीभर डाळ, अर्धा लिटर दूध. वहीत नवी ओळ पडली, “सूनबाई दूध, अर्धा लि.” सासूबाईंना कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये मिळतात. त्यातून लावणीचे उरलेले दोन पैरे त्यांनी रोखीने फेडले आणि दोन आठवडे घरी राहिल्या. हे त्यांनी स्वतः ठरवलं, कोणी सुचवलं नव्हतं.

पावडर एकदम तोडली नाही. वजन अडलेल्या बाळाचं असं तोडणं धोक्याचं. डॉक्टरांना विचारून पहिले चार दिवस दिवसातून दोनदा, डब्यावरच्या मापानेच, आणि बोंडल्याऐवजी वाटी-चमच्याने दिली. मग एकदा, मग बंद. दर वेळी आधी दोन्ही बाजूंना पाजायचं, मगच वरचं. रात्री बाळ आईजवळ. नवरा उठून बाळाला तिच्या हातात देतो, पाण्याचा तांब्या ठेवतो, नंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढतो. “बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं” ही आज्जींची समजूत होती. तहान लागेल तेव्हा प्यायचं, एवढं त्यांनी मान्य केलं.

आज्जींच्या गुटीवर थोडा वाद झाला. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको, हे मी सोडलं नाही. ग्रामदेवीचा अंगारा मात्र राहू दिला, कपाळाला लावायचा, तोंडात घालायचा नाही. शिवाय बाळाला अंघोळ घालणं आणि तेल लावणं हे पूर्णपणे आज्जींचं काम ठरलं. दूध पाजण्याचा मान गेला तेव्हा त्यांच्या हातात दुसरं काही असणं गरजेचं होतं.

आईला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक. चहाबरोबर घ्यायची नाही, जेवणात लिंबू. माहेरहून मिळालेली पाकिटं उघडलीच नव्हती, “गरम पडतात” म्हणून.

अंगणवाडीत नाव घालायला वेळ गेला. कर्नाटकात २०१७ पासून मातृपूर्ण योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण मिळतं. पण तिचं माता-बाल कार्ड महाराष्ट्राचं, आधारवर माहेरचा पत्ता. इकडे त्या कार्डाला ताई कार्ड म्हणतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, आपल्या बायकांना वाटतं आशाताईंचं कार्ड. पत्त्यामुळे शक्ती योजनेचं, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांना मिळणारं सरकारी बसचं फुकट तिकीटही तिला मिळत नव्हतं, दवाखान्याच्या प्रत्येक खेपेला पैसे पडत. आशा आणि अंगणवाडीच्या बाईंनी दोघींनी मिळून नाव घातलं. जेवणात अंडं असतं, माळकरी म्हणून ती घेत नाही. तिला मोड आलेले मूग मिळू लागले.

परिणाम

बदल सुरू झाल्यावर नवव्या दिवशी, म्हणजे बाळाच्या तेराव्या आठवड्यात, वजन ४.२८ भरलं. चौदाव्या आठवड्याच्या लसीला ४.५०. वयाच्या मानाने अजून हलकंच, पण रेघ वर वळली होती. लंगोट दिवसाला आठ-नऊ भिजू लागले. पोर रडू लागली, आणि आज्जी काळजीत पडल्या. आता भूक लागल्याचं ती सांगते आहे, हे त्यांना पटायला आठवडा गेला. कार्तिकी एकादशीला वजन ६ किलो होतं. आईचं हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी १०.८.

सगळंच सरळ झालं असं नाही. भाद्रपदात तिच्या छातीत गाठ धरून ताप आला, दोन दिवस पाजणं अवघड गेलं. हरिपाठ पाचव्या दिवसावर गेला. तिने फोन करून तेवढंच सांगितलं, “अक्का, अजून अठराव्यावरच आहे,” आणि मला कळलं की जायला हवं. दोन्ही घरांतलं बोलणं दिवाळीपर्यंत तुटकच राहिलं. एकादशीला ती अजूनही भगर आणि रताळी खाते, पण तीन वेळा, आणि वर दूध.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच भेटीत दाणे मोजेन. वजन अडलं की उपास, दृष्ट, सासू, पावडर, सगळ्यांवर एकाच वेळी बोटं जातात. माझंही गेलं. २४ तासांत बाळ किती वेळा अंगावर लागलं हे आधी कळलं असतं तर आठवडा वाचला असता, आणि एवढ्या लहान जिवाच्या बाबतीत आठवडा फार मोठा असतो. पाच दिवस उशिरा जाण्याचंही मी समर्थन करणार नाही. बाळ सुस्त असतं, तापलेलं असतं किंवा शू आणखी कमी झाली असती, तर ते पाच दिवस महागात पडले असते. आता आशाला सांगून ठेवलं आहे की अशी खूण दिसली तर माझी वाट बघायची नाही, तडक दवाखाना.

डबा घरात आहे का, हे मी पूर्वी विचारत असे. आता तो उघडून दाखवायला सांगते आणि आणल्याची तारीख विचारते. फार दिवस पुरलेला डबा बघितला की पुढचं विचारावं लागत नाही.

आणि नवस. गरोदरपणात काही बोललीस का, हे मी आता सातव्या-आठव्या महिन्यातच, एकांतात विचारते. बहुतेक जणी बोललेल्या असतात. कोणी सौंदत्तीच्या यल्लम्माला, कोणी विठोबाला. बाळंतपणाच्या आधी कळलं तर बदलून घ्यायला वेळ असतो.

हद्दीचा प्रश्न आम्ही आमच्यापुरता सोडवायला घेतला आहे. माहेरी जाणाऱ्या प्रत्येकीच्या कार्डाच्या मागे सासरच्या आशाचा फोन नंबर मराठीत लिहून देतो, आणि ४२व्या दिवसाच्या भेटीनंतर तिकडच्या आशाने त्यावर फोन करायचा असं ठरलं आहे. चंदगडकडच्या दोन आशा तयार झाल्या आहेत. आतापर्यंत तीन कार्डांवर नंबर लिहून झाला. त्यातली एक मुलगी पुढच्या महिन्यात परत येते आहे.